काळ्या कातळाखालचा शोध : वाशीमची विहीर, मुंबई हायचे तेल आणि शेलचे गणित

१/
वाशीम जिल्ह्यात खनिज तेल सापडलेले नाही आणि नैसर्गिक वायूही सापडलेला नाही. तरीही शेल नावाच्या घट्ट खडकातून तेल आणि वायू काढणे इतके अवघड का ठरते, हे समजून घ्यायचे असेल तर वाशीमची जमीन उत्तम धडा देते. खडकात किती साठले आहे आणि त्यातले किती बाहेर येऊ शकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वऱ्हाडातल्या विहीर खोदणाऱ्यांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेल उद्योगाला तो पुरता उमगण्यासाठी मोठा काळ आणि अफाट पैसा खर्च करावा लागला. या धाग्यात त्या उमगण्याचा इतिहास आहे.

२/
प्रथम स्थळ. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. ब्रिटिश काळात बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा काही भाग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या उत्तर भागात उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेमार्गे तापीला मिळते, तर पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता यांच्यामार्गे गोदावरीत जाते. म्हणजे इथे पडणारा पाऊस काही अरबी समुद्राकडे जातो आणि काही बंगालच्या उपसागराकडे. हे पाणलोट ज्याच्यावर उभे आहे, तो खडक म्हणजे बेसॉल्ट.

३/
अजिंठ्याची लेणी, वाशीमच्या विहिरी आणि सह्याद्रीचे कडे एकाच काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. आज हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. माथ्याकडच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून जाळीदार पोकळ्या राहतात. दोन उद्रेकांमध्ये मोठी विश्रांती मिळाली, तर जुन्या थराच्या पृष्ठभागाची झीज होऊन तिथे तांबड्या मातीचा पट्टा तयार होतो. घाटातील रस्त्याच्या कापीव भिंतीत हे तांबडे पट्टे आजही सहज दिसतात.

४/
या थरांचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले. या खडकाला लागलेला ‘ट्रॅप’ हा शब्द स्कँडिनेव्हियातून आला. त्याचा मूळ अर्थ जिना. सपाट माथ्याचे, पायऱ्यांसारखे उतरत जाणारे डोंगर पाहिले की हे नाव का पडले ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र साइक्स यांच्या पिढीला दिसत होत्या त्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या. जिना कुठे संपतो आणि त्याच्या खाली कोणते दालन आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

५/
पहिली फट सापडली ती नागपुरात. तिथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळी परिसरात लाव्ह्याच्या थरांच्या मध्ये दबलेला गाळ मिळाला. त्यात गोड्या पाण्यातील शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष होते. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती आणि त्यांत जीवसृष्टी नांदत होती. नागपूर परिसरात बेसॉल्ट संपतो आणि त्याच्या खालचे वालुकाश्म उघडे पडतात. त्यामुळे त्याच्या तळाशी काय आहे हे हिस्लॉप यांना किनाऱ्यावरून पाहता आले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला.

६/
नागपूर आणि चंद्रपूरकडचे हे खडक पुढे ‘गोंडवन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये ही संज्ञा योजली, आणि गोंडांच्या देशाचे नाव पुढे अख्ख्या प्राचीन महाखंडाला मिळाले. वर्धा खोऱ्यातला कोळसा याच खडकांत आहे. वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी परिसरात आजही कोळशाच्या खाणी चालतात. पश्चिमेकडे जाताना हे कोळसाधारी थर बेसॉल्टच्या चादरीखाली शिरतात. ते किती दूरवर जातात, कुठे तुटतात, आणि चादरीखाली आणखी कोणते जुने गाळथर आहेत, हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे.

७/
वरून पाहून याचे उत्तर का मिळत नाही? तेलाच्या शोधात जमिनीवर कंपने निर्माण करतात आणि खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपतात. मऊ गाळाच्या प्रदेशात ही पद्धत उत्तम चालते. बेसॉल्टमध्ये मात्र कंपने फार वेगाने धावतात. शिवाय एकावर एक असलेले थर, जाळीदार पोकळ्या आणि भेगा त्यांना विखरून टाकतात. बहुतेक ऊर्जा वरच्या वरच परततो आणि खालून येणारा क्षीण प्रतिध्वनी गोंधळात हरवतो. देवळाच्या गाभाऱ्यात एकाच वेळी शंभर घंटा वाजत असताना मागच्या ओवरीतले कुजबुजणे ऐकण्यासारखाच हा प्रकार.

८/
म्हणून शास्त्रज्ञांनी आडवळणाचे मार्ग शोधले. बेसॉल्ट जड असतो आणि गाळाचे खडक त्या मानाने हलके असतात, त्यामुळे गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजून खालच्या खोलगट भागांचा अंदाज बांधता येतो. बेसॉल्टमधून वीज सहजी वाहत नाही, तर पाणी धरून असलेल्या गाळातून ती तुलनेने सहज वाहते. पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजून हा भेद टिपण्याची मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने दख्खनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली. मात्र या पद्धतींत एकाच मोजणीचे अनेक अर्थ लावता येतात. जाड पण थोडा हलका थर आणि पातळ पण फार हलका थर, दोन्ही गुरुत्वमापकाला सारखेच भासू शकतात. वाद मिटवायचा असेल तर शेवटी छिद्र पाडावे लागते.

९/
छिद्राने वाद मिटल्याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण वाशीमच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे विवर ज्वालामुखीने झाले की उल्कापाताने, हा वाद दीर्घकाळ चालला. सारा प्रदेशच ज्वालामुखीच्या खडकाचा असल्यामुळे पहिला तर्क अगदी स्वाभाविक होता. अखेर भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाखाली छिद्रे घेऊन खडकाचे नमुने काढले. प्रचंड आघाताशिवाय तयार होऊ न शकणाऱ्या खुणा त्या नमुन्यांत सापडल्या आणि १९७३ मध्ये लोणार हे बेसॉल्टमधील उल्काविवर असल्याचे प्रसिद्ध झाले. वरून दिसणारा आकार दोन्ही तर्कांना पुरेसा होता. निर्णय दिला तो खालच्या दगडाने.

१०/
पुढची दोन छिद्रे भूकंपांनी पाडायला लावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट, मग सुमारे आठ मीटर गाळ आणि त्याखाली अतिप्राचीन कठीण खडक मिळाला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरात २०१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोलवर पोहोचलेल्या छिद्रात बेसॉल्टची जाडी १,२४७ मीटर भरली. गुजरातेत सौराष्ट्रातील लोधिका येथे तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने बेसॉल्टचा सुमारे दीड किलोमीटर जाडीचा थर भेदला, तेव्हा खाली डायनासोरांच्या युगातील गाळाचे खडक लागले.

११/
या तीन आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चादर सर्वत्र सारखी जाड नाही, कारण लाव्हा सपाट फरशीवर ओतला गेलाच नव्हता. त्याच्या खाली जुने डोंगर, दऱ्या आणि नद्यांची खोरी होती. दरीवर साचलेला लाव्हा जाड झाला, टेकडीवरचा पातळ राहिला. किल्लारीखाली गाळाची फक्त एक पातळ पट्टी आहे, लोधिकाखाली मोठा साठा आहे. म्हणून दूरच्या दोन छिद्रांमध्ये सरळ रेषा ओढून वाशीमच्या खाली काय आहे ते ठरवता येत नाही. भूवैज्ञानिक प्रतिमान, म्हणजेच मॉडेल, हे अशा मोजक्या बिंदूंमधील रिकाम्या जागा तर्काने भरण्याचे शास्त्र आहे. बिंदू जितके विरळ, तितका तर्काचा वाटा मोठा.

१२/
आता तेल क्षणभर बाजूला ठेवून पाण्याकडे येऊ. वाशीमच्या शिवारात विहीर खोदताना आधी काळी माती, मग मुरूम आणि मग कातळ लागतो. मुरुमात पाणी मुरते आणि पाझरते. घट्ट कातळात ते केवळ भेगांतून वाहते. झीज झालेल्या बेसॉल्टमधून उपसता येणारे पाणी साधारणपणे आकारमानाच्या एक ते तीन टक्के असते. म्हणजे शंभर घनमीटर खडकातून हाती येते ते एक ते तीन घनमीटर पाणी. जाळीदार बेसॉल्टचा तुकडा हातात घेतला तर त्यात भोकेच भोके दिसतात. पण ती भोके एकमेकांना जोडलेली नसतील, किंवा पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतील, तर त्या खडकातून थेंबही मिळत नाही.

१३/
यातल्या दोन गुणांना स्वतंत्र नावे आहेत. खडकात पोकळी किती, ती सच्छिद्रता. त्या पोकळ्यांमधून द्रव किती सहज वाहतो, ती पार्यता. एखाद्या वाड्यात शंभर खोल्या असाव्यात आणि एकीलाही दार नसावे, तशी सच्छिद्रता भरपूर आणि पार्यता शून्य असलेल्या खडकाची स्थिती असते. शेजारच्याच्या विहिरीला पानकळ्यानंतर सहा महिने पाणी आणि आपल्या विहिरीला दोनच महिने, हा अनुभव गावोगावी आहे. खडक तोच, पाऊसही तोच. फरक असतो तो एखाद्या भेगेचा, जी शेजाऱ्याच्या विहिरीत उघडते आणि आपल्या विहिरीला हात-दोन हातांनी चुकवून जाते.

१४/
१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हे ज्ञान पद्धतशीरपणे गोळा करायला भाग पाडले. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी झाली आणि ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी नेमाने मोजली जाऊ लागली. याच यंत्रणेच्या कामात एक शब्द रूढ झाला : जलभंजन. कोरड्या पडलेल्या विंधन विहिरीचा काही भाग बंद करून त्यात मोठ्या दाबाने पाणी सोडायचे. त्या दाबाने बुजलेल्या भेगा उघडतात, नव्या फटी पडतात आणि जवळून जाणारा पाण्याचा प्रवाह विहिरीला जोडला जातो. शेतकऱ्यांचा स्वतःचा उपाय आणखी जुना आणि साधा आहे : विहिरीच्या तळाशी उतरून भिंतीत आडवे बोअर घ्यायचे, म्हणजे दोन-चार उभ्या भेगा छेदल्या जातात.

१५/
आडवे छिद्र आणि दाबाने भेगा पाडणे, ही दोन तंत्रे लक्षात ठेवावीत. शेल तेलाच्या जागतिक क्रांतीचा पाया याच दोन गोष्टींवर आहे. मात्र तिथे पोहोचण्यापूर्वी नेहमीचे तेलक्षेत्र कसे असते, हे पाहणे आवश्यक आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यापलीकडे आहे. नेहमीच्या तेलक्षेत्राला तीन गोष्टी लागतात. पहिली, जैविक अवशेषांनी समृद्ध जननखडक, जो बहुधा शेल असतो. खोल गाडला जाऊन तापला की त्यात तेल आणि वायू तयार होतात. दुसरी, सच्छिद्र आणि पार्य असा साठाखडक, ज्यात ते स्थलांतर करून साचतात. तिसरी, वरचे झाकण, जे त्यांना निसटू देत नाही.

१६/
मुंबई हाय येथे या तिन्ही गोष्टी जुळल्या. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. १९६० च्या दशकात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने पश्चिम किनाऱ्यालगत कंपन-सर्वेक्षण केले. मग जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ ही खोदनौका मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात उभी राहिली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथे तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. तिथला मुख्य साठाखडक आहे चुनखडक. तेल जन्मले ते त्याहून जुन्या, खोल दबलेल्या पन्ना संचातील शेलमध्ये. आणि या साऱ्याच्या तळाशी कोणता खडक आहे? दख्खनचा बेसॉल्ट. वाशीमच्या विहिरीत लागणारा कातळ मुंबईच्या समुद्रात किलोमीटरभराहून अधिक गाळाखाली पाया होऊन पडला आहे.

१७/
१९८० च्या दशकात मुंबई हायने वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल दिले. पुढे उत्पादन घसरले. त्याचे एक कारण खडकाच्या रचनेत होते. मुख्य साठा म्हणजे एकच जाड थर नव्हता. चुनखडकाचे अनेक पातळ थर आणि त्यांच्यामध्ये शेलच्या पट्ट्या, अशी ती उतरंड होती. तेल काढल्याने दाब कमी झाला, म्हणून समुद्राचे पाणी आत दाबण्यास सुरुवात झाली. पण पाणी सर्व थरांत सारखे शिरत नाही. ते सर्वांत सोप्या वाटेने पुढे जाते आणि अवघड थरांतले तेल मागे राहते. २००० नंतरच्या पुनर्विकासात त्रिमितीय सर्वेक्षण आणि संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे हे मागे राहिलेले तेल शोधले गेले आणि आडव्या विहिरी खोदल्या गेल्या. शोध लागून पन्नास वर्षे उलटल्यावर, २०२५ मध्ये, या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून ब्रिटनच्या बीपी कंपनीशी करार झाला. पन्नास वर्षे हाताळलेला साठाही पुरता समजलेला नसतो, हे त्यातून दिसते.

१८/
बेसॉल्टबाबतची एक समजूतही याच काळात मोडली. तेलशास्त्रज्ञ पूर्वी दख्खन ट्रॅपला तळ मानत. छिद्र त्याला टेकले की खोदकाम थांबायचे. परंतु गुजरातेत वडोदऱ्याजवळील पादरा येथे खुद्द बेसॉल्टमधूनच तेल मिळाले. तेल जन्मले होते शेजारच्या शेलमध्ये. तिथून ते बेसॉल्टच्या झिजलेल्या माथ्यात आणि भेगांत शिरून साचले. ज्या रचनेमुळे वाशीमच्या विहिरीला पाणी लागते, त्याच रचनेमुळे पादऱ्याच्या विहिरीला तेल लागले. फरक इतकाच की पादऱ्याला जननखडक शेजारीच होता.

१९/
शेलमध्ये मात्र खेळ उलटा आहे. इथे तेल किंवा वायू जिथे जन्मला तिथेच अडकून असतो. जननखडक, साठा आणि झाकण हे तिन्ही एकच. त्यातील छिद्रे मीटरच्या अब्जांश भागात मोजावी लागतात आणि पार्यता चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असते. टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये वायू आहे हे सर्वांना माहीत होते, पण तो बाहेर येत नव्हता. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून तिथे प्रयोग केले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ साधे पाणी आणि वाळू मोठ्या दाबाने सोडून भेगा पाडण्याची पद्धत यशस्वी झाली. पुढे तिला आडव्या छिद्रांची जोड मिळाली आणि अमेरिकेचे ऊर्जाकारण बदलले. त्यामागे सुमारे सतरा वर्षांची चिकाटी होती.

२०/
या प्रयत्नात भूवैज्ञानिक प्रतिमानाचे काम काय? शेलचा प्रदेश संगणकात लाखो छोट्या घनांत विभागला जातो. प्रत्येक घनाला गुण द्यावे लागतात : जैविक कार्बन किती, खडक किती तापला होता, तो ठिसूळ आहे की चिकट, नैसर्गिक भेगा कोणत्या दिशेच्या आहेत, भूगर्भातला ताण कोणत्या बाजूने आहे. ठिसूळ शेल दाबाखाली फुटतो. मातकट शेल दबतो आणि उघडलेली भेग पुन्हा मिटवतो. आडवे छिद्र कोणत्या दिशेने न्यायचे हे ताणावर ठरते, कारण नव्या भेगा सर्वांत कमी ताणाच्या दिशेला काटकोनात उघडतात. विहीर सुरू झाल्यावर प्रत्यक्ष उत्पादन आणि प्रतिमानाचे भाकीत यांची तुलना होते. ते जुळले नाही तर प्रतिमान दुरुस्त केले जाते.

२१/
दुरुस्ती न होता आकडा पुढे गेला की काय होते, हे कॅलिफोर्नियातील माँटेरे शेलने दाखवले. अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाच्या अंदाजात तिथे १३.७ अब्ज पिंप तेल काढता येण्याजोगे होते. २०१४ मध्ये हा अंदाज सुमारे ९६ टक्क्यांनी कमी करून ०.६ अब्ज पिंपांवर आणला गेला. खडकात तेल होतेच. पण भूकंपप्रवण प्रदेशातील ते थर घड्या पडून तुटलेले होते, आणि इतर राज्यांतील सपाट, सलग शेलवरून बांधलेले गणित त्यांना लागू पडले नाही.

२२/
भारताचा शेलप्रवास २०११ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी जानेवारीत पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ, गोंडवन काळातील शेलमधून, सुमारे १,७०० मीटर खोलीवर वायू मिळाला. अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने भारतातील काढता येण्याजोगा शेल वायू २०११ मध्ये ६३ लाख कोटी घनफूट आणि २०१३ मध्ये ९६ लाख कोटी घनफूट सांगितला. अमेरिकेच्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने २०१२ मध्ये तीन खोऱ्यांसाठी ६.१ लाख कोटी घनफूट असा अंदाज दिला. खोरी आणि पद्धती वेगळ्या होत्या, म्हणून ही सरळ तुलना नव्हे. तरी एवढे अंतर बरेच काही सांगून जाते. ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक तेल कंपन्यांसाठी शेल धोरण आणले आणि खंबात, कृष्णा-गोदावरी आदी खोऱ्यांत विहिरी घेतल्या गेल्या. अमेरिकेसारखे मोठे व्यापारी उत्पादन मात्र त्यातून उभे राहिले नाही.

२३/
आता या इतिहासाचा वाशीमशी संबंध. देशातील २६ गाळखोऱ्यांच्या यादीत ‘डेक्कन सिनेक्लाइज’ हे दख्खनच्या लाव्ह्याखाली झाकलेले खोरेही आहे. ज्या प्रदेशांची पाहणी झालेली नाही तिथे ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांवर कंपन-सर्वेक्षण करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. म्हणजे ‘काळ्या कातळाखाली काय आहे’ हा हिस्लॉप यांच्या काळचा प्रश्न अजून सरकारी कागदावर जिवंत आहे. अशा बातम्या आल्या की ‘विदर्भाखाली तेलाचा समुद्र’ असे मथळे फिरू लागतात. ते वाचताना काही प्रश्न विचारले पाहिजेत. गाळ आहे का? त्यात जैविक कार्बन आहे का? तो योग्य तेवढा तापला होता का, की जास्त? आणि हे सारे किती छिद्रांवरून ठरवले आहे?

२४/
आणखी एक प्रश्न पाण्याचा आहे, आणि वाशीमसाठी तोच सर्वांत मोठा. शेलमधील एका विहिरीत भेगा पाडायला साधारण ६० लाख ते ६ कोटी लीटर पाणी लागते, असा अमेरिकेचा अनुभव आहे. मध्यम आकडा २ कोटी लीटर धरू. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज ५५ लीटर आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या प्रमाणाने रोज १ लाख १० हजार लीटर पाणी पुरते. म्हणजे एका तेलविहिरीचे पाणी त्या गावाला सुमारे सहा महिने चालले असते. जलभंजनात हे प्रमाण नगण्य असते, रसायने लागत नाहीत आणि काम उथळ खोलीवर चालते. शेलमध्ये वाळू आणि रसायने मिसळलेले पाणी दोन-तीन किलोमीटर खोल जाते, आणि त्यातला जो भाग परत वर येतो त्याची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न उरतो. तंत्र एका कुळातले असले तरी हिशेब एक नाही.

२५/
वाशीमच्या खाली गाळाचे खोरे असेल, किल्लारीसारखी आठ मीटरची पट्टी असेल, किंवा बेसॉल्ट थेट प्राचीन खडकावर टेकलेला असेल. ही तिन्ही चित्रे आजच्या ज्ञानात बसतात. त्यांतले खरे कोणते, हे पुरेसे खोल छिद्र घेतल्यावरच कळेल. तोवर या जिल्ह्याच्या भूगर्भातला सिद्ध झालेला साठा एकच आहे : वरच्या काही मीटर मुरुमातले आणि कातळाच्या भेगांतले पाणी. वत्सगुल्मच्या काळापासून इथली वस्ती त्याच साठ्यावर टिकून आहे, आणि तो दर पावसाळ्यात नव्याने भरावा लागतो.